समेच्या आधी बटण

नाचावर आमच्या घरमालकीणबाईंइतकं प्रेम करणारं आणि स्वतः जन्मात एक पाऊलही न नाचलेलं दुसरं माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचं नाही. पोटच्या मुलाच्या वरातीतसुद्धा त्या नाचल्या नाहीत. सगळी वरात बँडच्या तालावर घामाघूम झाली होती, आणि वरमाय रस्त्याकडेच्या दुकानाच्या पायरीवर चढून, एका डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. विहिणीचा भाऊ हात वर करून उडी मारायच्या बेतात आला की ती ओरडायची, "अजून वर! अजून वर! पाय दिसू द्या!" त्या फोटोत विहिणीचा भाऊ जमिनीपासून हातभर वर तरंगतो आहे, पँटच्या इस्त्रीसकट. नवरदेव मात्र काकूंच्या एकाही फोटोत नाही. "तो घोड्यावर बसून होता," काकू म्हणतात. "बसलेल्या मानसाचा काय फोटो काढाव?"

माझा कथकचा क्लास अमरावतीत राजापेठेत त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भरतो. वर काकू आणि काका राहतात. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पूर्वी परगावी फोन लावायचा तर मध्ये एका बाईचा आवाज यायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी तो आवाज काकूंचा ऐकलेला आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी बोलणीही खाल्लेली आहेत. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून झाल्यामुळे त्यांचा कान इतका तयार, की जिन्यावरच्या चपलेवरून माणूस ओळखतात आणि तो कशासाठी आला असेल तेही सांगतात. मी जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नाच म्हंजे कोनता वं? गॅदरिंगचा, का बसून पाहाचा?" मी म्हटलं, बसून पाहायचा. "मंग घे," म्हणाल्या, आणि किल्ली दिली.

क्लास सुरू होऊन आठवडा झाला नसेल, एका दुपारी काकू जिना उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला आठ्या. घुंगरांचा आवाज सहन होत नाही म्हणून आता जागा सोडायला सांगणार, या खात्रीने मी मुलींना थांबवलं. काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "खिडकीच्या बाजूले जे पोरगी हाय, ते दर खेपेले पाय जरासाक उशिरा टाकते. मले वरतं झोप नाई येऊन राहिली. तिले नीट कर, नाईतं बसव." मला त्या मुलीबद्दल शंका होती, काकूंना खात्री होती. मुलगी नीट झाली, काकूंची झोप मात्र गेलीच. कारण त्या दिवसापासून दुपारी झोपायचं सोडून त्या खाली येऊन बसायला लागल्या.

कॅमेरा आला तो मुलामुळे. पुण्याहून दिवाळीला आलेला मुलगा आपला जुना कॅमेरा आणि लोणच्याच्या बरणीएवढी लेन्स आईकडे ठेवून गेला, अंगणातली फुलंबिलं काढ म्हणून. काकूंनी दोन दिवस जास्वंद काढली. मग "हे त हालतच नाई" असं म्हणून जास्वंदीचा नाद सोडला आणि कॅमेरा घेऊन क्लासात आल्या. सुरुवातीच्या फोटोंत सगळ्या मुली पंगतीतून उठल्यासारख्या दिसत. गिरकी संपलेली, हात खाली आलेले, तोंडावर 'सुटलो एकदाचे' असा भाव. काकू आधी फोटोकडे आणि मग स्वतःच्या बोटाकडे रागाने बघत. शेवटी त्यांना दुखणं सापडलं. "आपन पाह्यतो, मंग बटन दाबतो. तवरिक नाच निंगून जाते पुढं."

तेव्हापासून त्यांनी डोळ्यावर विसंबणं सोडलं आणि कानाने फोटो काढायला सुरुवात केली. आमच्याकडे तिहाई असते. तोच बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून टाकायचा. नाचणारी तिथे चित्रासारखी थांबते. काकूंनी माझ्या क्लासातल्या सगळ्या तिहाया पाठ केल्या. भाजी चिरताना म्हणत, पोहे भिजवताना म्हणत, गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणत आणि शेवटच्या 'थेई'च्या किंचित आधी साडीला चिमटा लावत. त्यांचं म्हणणं असं, की बोट निघायला आणि कॅमेऱ्यातला पडदा उघडायला जो केसभर वेळ जातो, तेवढं आधी निघावं लागतं. "सम आल्यावर बटन दाबनारा फोटोग्राफर म्हंजे गाडी गेल्यावर फलाटावर येनारा पावना." रस्त्यावरून जाणारे लोक वर बघत आणि पुढे जात. राजापेठेत शिकवणीवर्ग इतके, की एखादी वयस्क बाई गच्चीवर काहीतरी पाठ करत असली तर त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

शटरचा वेग हा तर त्यांच्या तत्त्वज्ञानाचा पाया. पडदा किती वेळ उघडा राहतो, सेकंदाचा पाचशेवा भाग की तिसावा, त्यावर हलणारी गोष्ट गोठते की फिसकटते ते ठरतं, एवढं मी त्यांच्याकडूनच शिकले. काकूंनी पुढे जाऊन त्यावरून माणसांची वर्गवारी केली. पायांचं काम जोरकस करणारी मुलगी 'पाचशेवाली'. नुसत्या डोळ्यांनी गोष्ट सांगणारी, हळू हात फिरवणारी 'एकशेसाठवाली'. समोरच्या गणिताच्या क्लासचे सर, जे फळ्यापेक्षा हवेत जास्त लिहितात, ते 'दोनशेपन्नास'. दूधवाला 'हजार', कारण त्याला काही सांगायच्या आत तो पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. आणि बंगईवर बसून, पण झोका न घेता, दिवसभर पेपर वाचणारे काका 'तीस'. "यायले तिसावर बी काढा. स्टँड बी नाई लागत," काकू सगळ्यांदेखत सांगत. काका पेपरातून मान वर न करता म्हणत, "मी हाललो त तुहा फोटो खराब होईन ना."

गिरकीबद्दल त्यांचा हट्ट वेगळाच होता. ओळीने चकरा घेऊन मुलगी थांबते, तेव्हा तिचा चेहरा थांबलेला असतो आणि झग्याचा घेर अजून फिरत असतो. तो क्षण त्यांना पाहिजे होता. "तोंड थांबलं पायजे, घेर चालू पायजे. दोन्ही थांबलं त तो पुतया झाला, दोन्ही हाललं त तो चक्रीवादयाचा फोटो झाला." सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात ते जमतं असा शोध त्यांनी लावला, पण तोवर पाचशेवाल्या मुलीने इतक्या चकरा घेतल्या होत्या की तिला भिंतीला टेकवून लिंबूपाणी पाजावं लागलं. अर्ध्या शुद्धीत तिने विचारलं, "काकू, आला का?" काकू कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "आला. पन तुही वेनी तोंडावर आली. थोडं बसून घे, मंग अजून एक डाव."

कार्यक्रमाच्या दिवशी काकू नखशिखान्त काळे कपडे घालत. पुढे बसणाऱ्याने दिसायचं नसतं, असा त्यांचा दंडक. मार्चमधल्या अमरावतीत भर उन्हात काळा पंजाबी ड्रेस, काळी ओढणी, काळे मोजे. कॅमेऱ्याच्या कडेला लागणाऱ्या लाल दिव्यावर स्वतःच्या पाकिटातली काळी टिकली. आणि काखेत स्वयंपाकघरातला लाकडी पाट! रंगमंचाच्या अगदी पायथ्याशी बसलं तर नाकपुड्यांचे फोटो येतात, उभं राहिलं तर मागचे ओरडतात, आणि पाटावर बसलं की नजर बरोबर नाचणारीच्या कमरेला येते आणि तिची उंची खुलते, असं त्यांचं गणित. एका सभागृहाच्या दारात पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. "मावशी, पूजा तिकडच्या हॉलमध्ये हाय." काकू म्हणाल्या, "माही पूजा इथंच हाय," आणि पाटासकट आत गेल्या.

फ्लॅश हा त्यांचा जन्माचा वैरी. दर्यापूरच्या एका शाळेच्या कार्यक्रमात एक वडील आपल्या मुलीच्या तोंडावर चार पावलांवरून फ्लॅश मारत होते. काकूंनी पाटावरूनच हात लांब केला आणि ओढणीचं टोक त्यांच्या कॅमेऱ्यावर टाकलं. "पोरीच्या डोयात वीज पाडून राहिले काय हो? पडली म्हंजे?" गृहस्थ म्हणाले, अंधारात येत नाही. मग काकूंनी कार्यक्रम चालू असतानाच त्यांना धडा दिला. अंधार असला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवायचा, मात्र बेतानं, मिठासारखा, नाहीतर फोटोत रवा सांडल्यासारखा दिसतो. लाईट चेहऱ्यावर येईपर्यंत थांबायचं. आणि काहीही झालं तरी पाय कापायचे नाहीत. "कथकचा फोटो अन् घुंगरू नाई? मंग पासपोर्टचाच काढा ना." जांभळे दिवे लावणाऱ्या लाईटवाल्यांना तर त्या आधीच जाऊन गाठत. "तोंडाले सफेद ठेव बाप्पा. मांगं काय पायजे ते कर. पोरीईचं वांग्याचं भरीत नोको करू."

असे ते फोटो. आणि खरंच, क्षण पकडण्यात काकूंचा हात कोणी धरला नसता. अडचण एकच होती. त्यांच्या फोटोंमधली सगळी माणसं निळी होती.

एकदम निळी नव्हेत. सुरुवातीला नुसती थंडी वाजल्यासारखी दिसत, पुढे वर्षागणिक विहिरीतून काढल्यासारखी दिसायला लागली. एका वर्षी राधा झालेली मुलगी फोटोत चक्क कृष्ण दिसली. पालक फोटो हातात घेऊन म्हणत, "वा, काय पोझ आली आहे!" आणि रंगाविषयी चकार शब्द काढत नसत. शाळेतल्या एका चित्रकलेच्या सरांनी त्याला 'शैली' म्हटलं, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. एकदा मी भीत भीत म्हटलं, काकू, मोबाईलमध्ये रंग जरा वेगळा येतो. त्या म्हणाल्या, "तुमचे मोबाईल सगळ्याईले हयद लावते. मी ते हयद काढतो." कार्यक्रम झाला की रात्री त्या संगणकावर बसत आणि एकेका फोटोतून ती हळद काढत.

मग मागच्या वर्षी काकू मुलींना विचारायला लागल्या, "आज पावडर जास्त लावली का वं? धुकट दिसून राहिल्या सगळ्या." जिन्याची शेवटची पायरी चुकली. अकोल्याला त्यांची भाची डोळ्यांची डॉक्टर आहे. तिने तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा काकू भाचीच्या पांढऱ्या कोटाकडे बघून म्हणाल्या, "नवा घेतला काय वं?" काळा चष्मा लावून अमरावतीला आल्या, वर जायच्या आधी क्लासात डोकावल्या आणि चष्मा काढून भिंतीकडे बघत राहिल्या.

"भिंत कवा रंगवली?"

"रंगवली नाही काकू. पांढरीच आहे, पहिल्यापासून."

त्यांनी उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. पुन्हा उजवा. "या डोयानं पिवयी. या डोयानं पांढरी." एवढं बोलून त्या कठडा धरून सावकाश वर गेल्या. वर त्यांनी संगणक लावला असणार. आम्ही खाली नाचत होतो, पण माझं लक्ष छताकडे होतं.

मोतीबिंदू पिकत जातो तसा तो पिवळा पडतो, माणसाला सगळं जग पिवळट काचेतून दिसायला लागतं, आणि हे इतकं हळू होतं की त्याला पत्ता लागत नाही. हे भाचीने मला नंतर फोनवर सांगितलं. काकू इतकी वर्षं फोटोंमधून जो पिवळेपणा काढत बसल्या होत्या, तो फोटोंमध्ये नव्हताच.

काकू खाली येईनात. कॅमेरा कपाटात गेला. अकोल्याचा आमचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता, तरी तिहाई म्हणण्याचा आवाज गच्चीवरून येईना. मुली मला विचारत, काकू रागावल्या का? मग काका एकदा स्वतः जिना उतरून आले, आणि ते उतरले म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. "जेवत नाई धड," ते म्हणाले. "फोटो उघडते, बंद करते. तुमी वर या."

मी वर गेले. संगणकावर ती राधा होती. काकूंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तू रोज पाहत होती ना वं?"

"हो काकू."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं आयकलं. पन बोलाव त लागते." मग त्यांचा आवाज एकदम चिरकला. "इतक्या लेकराईले निळं करून ठेवलं म्या. घराघरात लटकून राहिले ते फोटो. लोक हासत असतीन." त्या काकांकडे वळल्या. "अन् तुमी? तुमी त घरचे ना! तुमी बोलाचं!"

काकांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मले वाटे, तुले तसं दिसते म्हनून तू तसं काढतं. आता तुले दिसते ते चूक हाय, असं म्या कसं सांगाव?"

काकांना इतकं लांब वाक्य बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही ऐकलं नसावं, कारण त्या काहीतरी तोडून बोलणार होत्या ते राहिलं. "आता यायचं आयका," एवढंच पुटपुटल्या, डोळ्याला पाणी लावायचं नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद असल्याने ओढणीचं टोक नुसतंच गालाशी धरलं, आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून भलतंच सुरू झालं. कॅमेऱ्यातली मूळ प्रत संगणकात जशीच्या तशी असते, रंग तिच्यावर नंतर चढवतात. म्हणजे सगळ्या मुली आत कुठेतरी गव्हाळ, सावळ्या, आपापल्या रंगात सुखरूप होत्या. काकूंनी त्यांना एकेक करून बाहेर काढलं. नवे फोटो छापले आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून घरोघरी निघाल्या. दारात उभं राहून त्या म्हणत, "माही चूक झाली. हा घ्या, अन् तो द्या." कोणी संकोचाने म्हणे, छे छे काकू, तोही छानच होता. "खोटं नोका बोलू," काकू म्हणत. "खोटं बोलूनच हे झालं."

एका घराने मात्र फोटो दिला नाही. राधा झालेल्या मुलीची आजी रिद्धपूरला असते, महानुभाव घरातली, कृष्णाची निस्सीम भक्त. तिच्या लेखी देव एकच, कृष्ण; त्यामुळे नातीने राधा व्हावं हे तिला मनातून पटलं नव्हतं. काकू तिथे पोचल्या, दंडवत प्रणाम झाले, नवा फोटो पुढे ठेवला गेला. आजीने तो पाहिला, बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या जुन्या निळ्या फोटोकडे बोट केलं. "हा नाई देत. याच्यात देव दिसते. तुमच्या नव्यात आमचीच पोरगी दिसून राहिली." काकू मोकळ्या हाताने परत आल्या, पण त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा हसताना दिसल्या. संध्याकाळी गच्चीवरून तिहाई ऐकू आली.

अकोल्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता. काकू पाटावर बसल्या, काळ्या कपड्यांत, कॅमेऱ्यावर टिकली लावून. मी रंगमंचाच्या कडेला बसून बोल म्हणत होते आणि चोरून त्यांच्याकडे बघत होते. पहिल्या नाचात त्यांचं बोट अडखळत होतं. कॅमेरा डोळ्याला लावायच्या, खाली घ्यायच्या, मुलींकडे नुसतंच बघायच्या. बहुतेक इतका रंग त्यांना सहन होत नव्हता. मध्यंतरात मी विचारलं, जमतंय ना? "पोरीईचे कानातले हिरवे हायत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मले मालूमच नव्हतं." दुसऱ्या नाचात पाचशेवाली चकरा घ्यायला लागली. मी तिसरा बोल म्हणत असताना काकूंचे ओठ माझ्याबरोबर हलताना दिसले, आणि समेच्या केसभर आधी त्यांचं बोट निघालं. तो फोटो आता क्लासात लावला आहे. चेहरा थांबलेला, घेर चालू, आणि मुलगी मुलीच्या रंगाची.

परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमची गाडी चहाला थांबली. उन्हं कलली होती. मुली उसाच्या रसासाठी पांगल्या. टपरीसमोरच्या बाकावर काका, काकू आणि मी बसलो. काकू कॅमेऱ्यातले फोटो बघत होत्या. चहा आला, तेव्हा काकांचा कप त्यांच्या हातात द्यायला त्या वळल्या आणि तशाच थांबल्या. आडवं ऊन काकांच्या तोंडावर येत होतं. काकूंनी डावा डोळा मिटला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. कपाळ, गाल, गळा, सगळं.

"तुमी एवढे म्हातारे कवा झाले?"

काकांनी कप घेतला, बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर घातली. "हयूहयू झालो," ते म्हणाले. "तू नाच पाहून राहिल्ती ना."

काकांच्या कॉलरला बिस्किटाचा चुरा लागला होता तो काकूंनी बोटाने झटकला, आणि चहा संपेपर्यंत कॅमेरा मांडीवर उलटा पडून राहिला.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. अकोल्याहून भाचीचा फोन येतो, काकू तारीख पुढे ढकलतात. कधी सोयाबीन काढणीचं कारण, कधी पाहुण्यांचं, जरी शेत आता बटाईने दिलेलं आहे आणि पाहुणे कोणी येत नाहीत. मला वाटलं, घाबरल्या असतील. परवा क्लास सुटल्यावर जिन्यात भेटल्या तेव्हा विचारलंच. वर काका कसलीशी बातमी मोठ्याने वाचत होते. काकूंनी तिकडे मान केली, मग माझ्याकडे बघून आवाज उतरवला.

"करतो ना. कराव त लागनच. पन या डोयानं ते अजून लग्नातल्यावानी दिसते वं. राहू दे थोडे दिस."